भुरीला घेऊन कळंब्याला

चंदगडच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात काजू वेचायची करंडी. करंडीवर जुनं लुगडं घट्ट बांधलेलं होतं. आत आमची मांजर होती, भुरी. घरातून निघाल्यापासून ती ओरडत होती.

"मावशी, कोंबडी हाय काय आत?" कंडक्टरनं विचारलं.

"मांजर हाय."

"मांजर घेऊन कोण जातंय व्हय कोल्हापूरला!"

गाडीतली माणसं हसली. आमच्या गावचे दोघं पुढच्या बाकावर बसले होते, ते मात्र हसले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

मला सोडायला कुणी आलं नव्हतं. सकाळी मी उंबरा ओलांडला तेव्हा हे पडवीत कोयत्याला धार लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्या मांजराला बी घेऊन जा. हितं तिला कोण घालणार न्हाई." लग्न होऊन त्या घरात आल्यापासूनचा आमचा संसार त्या एका वाक्यावर संपला.

गावात राहिलेल्यांसाठी आणि गाव सोडून गेलेल्यांसाठी मी हे लिहितेय. आमच्याकडची पोरं गोव्याला हॉटेलात गेली, कुणी बेळगावला, कुणी मुंबईला. गणपतीला परत येतात, त्यांच्याबद्दल सगळे विचारतात. माझ्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारायचं कसं, हेच माणसांना कळत नसणार. म्हणून मीच सांगते.

आमची दोन घरं एका भिंतीची. पलीकडे माझे धाकटे दीर आणि माझी जाऊ शालन. ती मला अक्का म्हणायची. माझा मुलगा निवास आणि तिचा वैभव यांच्यात वर्षाचं अंतर. दोघं कुणाच्या ताटात जेवले हे आम्हाला रात्री भांडी घासताना कळायचं. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, चार महिने बाहेर काही करता येत नाही. शाळेतल्या बाईंकडून आम्ही दोघी जावा विणकाम शिकलो ते त्या दिवसांत. पडवीत समोरासमोर बसायचो, एक सुलट एक उलट. शालनचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. माझे टाके घट्ट पडायचे, ती म्हणायची, "अक्का, लोकरीचा गळा दाबू नकोस." पोरांचे स्वेटर, कानटोप्या, सासऱ्यांचा मफलर, सगळं आम्ही केलं. थंडीत गावातली पोरं आमच्या टोप्या घालून शाळेत जायची.

भुरी मिळाली तेव्हा दोन्ही पोरं कॉलेजात होती. माळ्यावर मांजर व्याली आणि परत आलीच नाही. तीन पिल्लं मेली, एक उरलं, राखेच्या रंगाचं, मुठीएवढं. वैभवनं कापसाची वात दुधात बुडवून तिला पाजलं. निवासनं तिला माझ्या लोकरीच्या टोपलीत झोपवलं. पुढं ती दोन्ही घरांची झाली. माळ्यावरून इकडून तिकडं जायची. सकाळचं दूध शालनकडे, दुपारची झोप माझ्या टोपलीत.

वैभवचं लग्न झालं. निवासला स्थळं बघत होतो. दोघांनी मिळून पॉवर टिलर घेतला होता. रोपलावणीच्या दिवसांत तो खालच्या शेतात चिखलात रुतला. वैभव तो तसाच टाकून सासुरवाडीला गेला आणि दुसऱ्या दिवशी आला. निवास अंगणात खोऱ्याचा चिखल धूत होता. मी दारात उभी होते. आधी शब्दाला शब्द वाढला. मग वैभव काहीतरी हसून बोलला, आणि निवासनं खोऱ्याचा दांडा फिरवला. एकदाच. वैभव पायरीवर डोक्यावर पडला. निवास खोरं टाकून पळाला तो थेट शेतात.

मी वैभवजवळ पोचले तेव्हा तो बोलत होता. मागाहून शालन आली, तिनं त्याला मांडीवर घेतला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळाली, पण तो वाटेतच गेला. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते.

त्यानंतर आम्हाला कुणी गावातून काढलं नाही. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. नळावर मी गेले की बायका आपली घागर भरून निघून जायच्या. भिंतीपलीकडून शालनचं रडणं ऐकू यायचं आणि मी अलीकडे भाकरी थापत असायची. भुरीला यातलं काय कळणार! ती रोजच्यासारखी माळ्यावरून पलीकडे गेली. थोड्या वेळानं शालननं पुढच्या दारानं येऊन तिला आमच्या अंगणात ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मग त्यांनी माळ्यावरची वाट पत्र्यानं बंद केली.

केस उभी राहिली. यांनी मला आधीच बजावलं होतं. "तू घरात हुतीस. चुलीपाशी. काय बघितलं न्हाईस. एवढंच म्हणायचं."

मी व्हय म्हटलं होतं. खरंच म्हणणार होते. पण पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा समोर शालन बसलेली. वर्षात ती म्हातारी झाली होती. वकिलांनी विचारलं, कुणी मारलं? मी म्हटलं, माझ्या मुलानं. मी काही मोठं धाडस केलं असं नाही. विचार करून बोलले असंही नाही. तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. निवासनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

ठरवून मारलं नाही हे कोर्टानं मानलं. जन्मठेप झाली नाही, पण पोराची उमेदीची वर्षं जातील एवढी शिक्षा लागली. आमचे वकील बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही नसता बोललात तर..." परतीच्या गाडीत हे माझ्या शेजारी बसले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी आपलं अंथरूण पडवीत नेलं. "पोरगा गेला तो गेलाच. तू घालवलास," एवढं म्हणाले.

निवासला कोल्हापूरजवळ कळंब्याच्या जेलात आणलं हे कळल्यावर मी ठरवलं, आपण तिथं जायचं. जिथं पोरगं तिथं आपण, याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही.

कळंब्याला खोली शोधताना मी कुणाशी खोटं बोलले नाही. ज्यांची खोली घेतली त्या हसीनाभाभी. त्यांचा नवरा फरशी बसवायची कामं करतो. त्यांनी विचारलं, "एकट्याच? घरचं कोण न्हाई?"

"मुलगा हाय. जेलात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्या आधी बी एक मावशी अशाच ऱ्हायलेल्या. बरं असू दे. मांजरानं घाण केलेली मात्र चालणार न्हाई."

एक खिडकी, एक शेगडी, मोरी आणि पत्र्याचं छप्पर. गावाकडं शेणानं सारवलेली जमीन पायाला मऊ लागायची, इथं फरशी उन्हाळ्यातसुद्धा गार. भुरीला मी आठवडाभर कोंडून ठेवलं. ती दाराशी बसून ओरडायची, जेवायची नाही. एकदा तर चिडून मी तिला म्हटलं, "मला तरी कुठं यायचं हुतं?" मग माझं मलाच हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

पोटासाठी विणकामच उपयोगी पडलं. मंगळवार पेठेत एक लोकरीचं दुकान आहे. दुकानदार लोकर देतात, मी बाळंतविड्याचे सेट विणून देते. टोपडं, स्वेटर, पायमोजे. गुलाबी, पिवळे, आकाशी. सिटी बसनं जायचं, माल द्यायचा, नवी लोकर घेऊन यायचं. दुकानात नव्या आज्या येतात, मी विणलेलं टोपडं मुठीवर चढवून बघतात. "हात छान हाय हो तुमचा. नातवंडं किती?" असं एकीनं विचारलं होतं. मी म्हटलं, न्हाईत अजून. घट्ट टाके मात्र तसेच राहिले. ते सैल करायला सांगणारं इथं कुणी नाही.

निवास मात्र भेटायला येत नव्हता. मी नंबर लावायची, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची. आतून निरोप यायचा, भेटायचं नाही म्हणतोय. पुढच्या वेळी परत तेच. तिथले शिपाई मला ओळखू लागले. एक वयस्क हवालदार म्हणाले, "मावशी, दम धरा. येतंय पोरगं." मी दम धरून होते, पण घरी परतताना कळंब्याच्या तळ्याच्या कडेनं चालायला लागले की पाय तिथंच थांबायचे. पाण्याकडे बघत उभी राहायची. मग भुरी खोलीत कोंडलीय हे आठवायचं, नि निघायची.

एके दिवशी त्याच हवालदारांना मी म्हटलं, "त्याला एवढंच सांगा, भुरीला बरोबर आणलंय. हितं कळंब्यातच हाय म्हणावं."

त्यांनी विचारलं, "भुरी कोण? बहीण काय?"

"मांजर हाय."

ते आत गेले. आणि निवास आला. काचेपलीकडे बसला. वाळला होता, केस बारीक कापलेले. फोन उचलून कानाला लावला. मग म्हणाला, "भुरी हितं आलीया?"

"व्हय."

"जेवती काय?"

"पयलं जेवत न्हव्हती. आता खाती."

तेवढंच बोलणं झालं. परत येताना मी भुरीसाठी बाजारातून ताजे बांगडे घेतले. माझं जेवण त्या दिवशी गेलं नाही, तिचं पोटभर झालं.

तेव्हापासून आमची भेट म्हणजे भुरीच्या गोष्टी. दुसऱ्या कशावर बोलताच यायचं नाही. त्यानं वडिलांचं विचारलं नाही, गावाचं विचारलं नाही, कोर्टाचं तर नाहीच. मीही काढलं नाही. आठवडाभर मी भुरीकडे बघत असायची, काही सांगण्यासारखं करते का. तिनं हसीनाभाभींच्या तांदळाच्या डब्यामागचा उंदीर धरला, तेव्हापासून भाभी तिला वाटीभर दूध देऊ लागल्या. तिनं आकाशी लोकरीचा गुंडा पायरीवरून खाली गटारापर्यंत नेला. समोरच्या गल्लीतल्या बोक्याशी भांडून कान फाडून घेतला. निवास ऐकायचा. कधी हसायचा. "लेकाची, गावात बी अशीच हुती," म्हणायचा. 'गावात' म्हणाला की आम्ही दोघंही जरा थांबायचो आणि मग परत भुरीवर यायचो.

याच दिवसांत माझ्या बहिणीचा फोन आला. वैभवच्या बायकोला माहेरी मुलगी झाली होती, ती आता लेकीला घेऊन शालनकडे आली होती, ते मला उशिरा कळलं. मी त्या पोरीच्या मापाचा एक सेट विणला. पिवळा, खऱ्या लोकरीचा, दुकानातून स्वतःसाठी मागून घेतलेल्या. टाके सैल ठेवायचा प्रयत्न केला. दोनदा उसवला, परत घातला. बहिणीच्या हातानं शालनकडे पाठवला. पुढं कितीतरी दिवस तिकडून काही नाही. मग मीच बहिणीला विचारलं. ती आधी टाळत होती, शेवटी म्हणाली, "तिनं पिशवी उघडली बी न्हाई. तशीच चुलीत घातली."

मला राग आला नाही. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो वास शालनच्या घरात भरला असेल, पाळण्यापर्यंत गेला असेल, एवढंच डोक्यात येत राहिलं. निवासला हे मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर भुरी आजारी पडली. कुठंतरी औषध घातलेला उंदीर खाल्ला असणार. तोंडातून फेस, पाय लुळे. हसीनाभाभींच्या नवऱ्यानं रिक्षा आणली, जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पण उशीर झालाय म्हणाले. दुपारी तिनं माझ्या टोपलीत अंग टाकलं. गुलाबी सेट अर्धा विणलेला होता, त्यावरच. मी काढून घेतला नाही. माझा हात तिच्या पोटावर होता, पोट हलायचं थांबलं तेव्हा कळलं. भाभींच्या नवऱ्यानं परसात पेरूखाली खड्डा काढला. भाभींनी स्वतःच्या ओढणीचा तुकडा दिला तिला गुंडाळायला.

मग भाभी माझ्याजवळ पायरीवर बसल्या. "पोराला सांगू नकोस. जित्ती हाय म्हण. त्याला तेवढाच आधार हाय. आत हाय, त्याला काय कळणार हाय?"

भाभींचं काही चुकत नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. जेलच्या बाकावर बसेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. उंदराची एक खोटी गोष्ट मी मनात जुळवूनही ठेवली होती.

निवास आला, फोन उचलला. "भुरी काय म्हणती?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्यानं ती गोष्ट सांगवेना. "गेली रे," म्हटलं. "परवा दुपारी गेली. माझ्या हाताखाली गेली."

त्याचा खालचा ओठ लहानपणी हलायचा तसा हलायला लागला. कोर्टात रडला नव्हता, शिक्षा ऐकताना रडला नव्हता. तिथं, सगळ्यांसमोर, तो कपाळ काचेला टेकवून हुंदके देऊन रडला. फोन कानालाच होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"वैभ्यानं पाजलं हुतं तिला," तो म्हणाला. "वातीनं. मला जमत न्हव्हतं."

ते नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवसानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "आई, मी पळालो. तू हुतीस त्याच्याजवळ. काय बोलला काय त्यो?"

कोर्टात हे मला कुणी विचारलं नव्हतं. यांनी विचारलं नव्हतं. मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पण माझं पोरगं विचारत होतं.

"निव्या, उचल की मला, म्हणत हुता," मी सांगितलं. "तू हितंच हाईस असं वाटत हुतं त्याला."

निवासनं फोन जागेवर ठेवला आणि उठून आत गेला. वेळ शिल्लक होता, तरी गेला. मी रिकाम्या काचेसमोर तशीच बसून राहिले.

पुढच्या भेटीला तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. बसल्या बसल्या म्हणाला, "काकीला सांगितलंस काय ते?"

"न्हाई."

"सांग. तिचं हाय ते."

दोन दिवस मी फोन हातात घेऊन खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला. शालननं उचलला. नंबर ओळखीचा नसेल, म्हणून उचलला असेल. मी माझं नाव सांगितलं आणि ती बंद करेल या भीतीनं भरभर बोलले, वैभव काय म्हणत होता ते. तिच्या मागं एक लहान पोर बोबडं बोलत होतं.

मग शालन म्हणाली, "ठावं हाय अक्का. माझ्या मांडीवर बी जीपमधी सारखं तेच म्हणत हुता. निव्याला बलवा, उचलंल मला, म्हणत हुता."



"ह्यापुढं फोन करू नकोस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला तुझा आवाज सोसत न्हाई."

मी तिचं ऐकलं. परत फोन केला नाही, करणारही नाही.

निवासला मी शालनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आता आमच्या भेटीत वैभव असतो. कधी लहानपणचा, ओढ्यात पोहायला शिकवणारा, कधी त्या दिवशीचा. सोपं काही झालेलं नाही. निवास वाळत चाललाय. डॉक्टरांच्या गोळ्या घेतो, झोप लागत नाही म्हणतो. सुटेल तेव्हा तो चाळिशीकडं झुकलेला असेल, मी असेन की नाही ठाऊक नाही. गावातलं घर आहे तिथंच आहे. हे तिथं एकटे भात शिजवून खातात असं कळतं. ओल्या मातीचा वास आला की माझं मन तिकडं जातं, पण त्या अंगणात पाय ठेवायचा झाला तर कुठल्या पायरीवर ठेवू? लोक विचारतात परत कधी जाणार, तेव्हा मी विषय बदलते.

परवा भेटीच्या रांगेत एक बाई माझ्यामागं उभी होती. पहिल्यांदाच आलेली, ते तिनं मुठीत आवळलेल्या पदरावरून कळत होतं. बोलणं आमच्याच डोंगराकडचं. कुठं सही करायची, पिशवी कुठं ठेवायची, तिला काही कळत नव्हतं. मी तिला सगळं दाखवलं, बाकावर माझ्याशेजारी बसवलं, प्यायला पाणी दिलं. जरा सावरल्यावर तिनं डोळे पुसत विचारलं, "अक्का, तुम्ही कंच्या गावच्या?"

तोंडावर आलेलं नाव मी गिळलं.

"हितलीच की मी," म्हटलं. "कळंब्याची."